सौम्य प्रत

मालनबाई बाबरांना राग यायला कारण लागत नाही, असं पलूसमध्ये सगळे म्हणत, आणि ते साफ खोटं होतं. कारण लागायचं. फक्त ते फार मोठं लागायचं नाही. तीस वर्षं त्या कन्याशाळेत खेळाच्या बाई होत्या, कबड्डीच्या पंच म्हणून जिल्हाभर फिरल्या होत्या, आणि एकदा शिट्टी वाजवून निर्णय दिला की समोर आमदाराची पोरगी असो नाहीतर मामलेदाराची, तो फिरत नसे. घरात त्यांच्याशी हुज्जत घालायची हिंमत एकाच माणसात होती. ते त्यांचे यजमान संपतराव, वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. चहात साखर किती इथपासून मत कुणाला द्यायचं इथपर्यंत दोघांचं एकदाही जमलं नव्हतं, आणि संसार झकास चालला होता.

त्यामुळे संपतराव गोड बोलायला लागले तेव्हा घरात काहीतरी शिजतंय, हे मालनबाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

एका दुपारी आमटी खारट झाली. मालनबाईंनी स्वतः एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. संपतराव मात्र भुरके मारत होते, वर फक्कड झालीय म्हणून आणखी वाढून घेतली. पुण्यातला मुलगा सूरज एरवी सणासुदीला फोन करायचा, तो आता दर शनिवारी बायकोला घेऊन दारात उभा. सून केतकी कधी नव्हे ती पाय चेपायला बसायची. शाळेच्या जुन्या संघातली सारिका, आता पोलिसात असलेली, भेटायला आली आणि पाया पडताना तिचे डोळे भरून आले. विचारलं तर म्हणाली, कचरा गेला. पोलिसाला धड खोटं बोलता येऊ नये, याचीही मालनबाईंना चीड आली.

असा सामना त्यांनी एकदाच पाहिला होता. कोपऱ्यातली मुलगी चढाईवालीच्या पायाशी झेपावायची आणि ऐन वेळी हात मागे घ्यायची. सगळ्या पकडी कशा सुंदर निसटत होत्या. सामना विकला गेलेला होता. मालनबाईंनी तो मध्येच थांबवला होता आणि दोन्ही संघांना घरी पाठवून दिलं होतं. आता घरात तेच चाललं होतं. सगळे त्यांना सोडत होते.

घडलं होतं ते एवढंच, म्हणजे त्यांना ठाऊक होतं ते एवढंच. तीनेक महिन्यांपूर्वी त्यांना कावीळ झाली. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता, पण डोळे हळदीसारखे झाले आणि अंगाला खाज सुटली. त्या भागात कावीळ झाली की आधी दवाखान्यात कुणी जात नाही. रोगनिदान करणारी यंत्रं कितीही आली तरी रविवारी सकाळी कावीळ उतरवणाऱ्याकडे रांग असतेच. मालनबाईही कुरकुरत गेल्या. त्यानं त्यांचे हात परातीत धरले, चुन्याचं पाणी ओतलं, काही पुटपुटत हात चोळले आणि परातीतलं पाणी पिवळं झालं. तीन रविवार असं झाल्यावर त्यानं सांगितलं की कावीळ उतरली, रंग काय तो पंधरा दिवस राहील. खाज मात्र थांबेना, तेव्हा सूरजनं त्यांना मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं फोटो झाले, बोट टोचून कागदाच्या पट्टीवर रक्ताचे थेंब घेतले, मग नळी घातली. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. पित्ताच्या नळीत खडा होता, असं सांगण्यात आलं.

मालनबाईंच्या फोनवर अहवालही आला होता. पित्ताच्या मार्गात अडथळा होता, तो दूर केला आहे, हलका आहार घ्या, घरच्यांसोबत वेळ घालवा, आनंदी राहा. तेव्हा त्यांनी तो नीट वाचला नव्हता. आता त्यांनी तो पुन्हा वाचला आणि शेवटच्या दोन शब्दांवर त्या अडकल्या. खडा काढलेल्या बाईला आनंदी राहा म्हणून सांगणारा डॉक्टर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

संध्याकाळी संपतराव डाळिंब सोलत बसले होते. मालनबाईंनी समोरचा टीव्ही बंद केला आणि विचारलं, "मला काय झालंय?"

संपतराव म्हणाले, खडा.

"परवा मी तुम्हाला बिनडोक म्हटलं. तुम्ही होय म्हणालात. मला काय झालंय?"

डाळिंबाचे दाणे वाटीत पडायचे थांबले. संपतरावांनी एकदा दाराकडे पाहिलं, जणू तिथून कुणी सोडवायला येणार होतं, आणि मग हा खांबावर चढून विजेशी खेळलेला माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. रडता रडता त्यांनी सगळं सांगितलं. स्वादुपिंडात गाठ आहे. कॅन्सरची. लहान आहे. पण रक्ताची पत्रिका वाईट निघाली. शंभरात एकोणीस.

"म्हणून ऑपरेशन नको म्हणलं आम्ही," संपतराव म्हणाले. "हाय तेवढे दिवस तुला कशाला घोर लावायचा."

मालनबाईंना भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण तिच्या आधी राग आला, आणि तो इतका मोठा होता की भीतीला बसायला जागाच उरली नाही. मुलाला माहीत होतं. सुनेला माहीत होतं. सारिकाला माहीत होतं. ज्या शरीराबद्दल हे सगळं होतं त्याच्या मालकिणीला तेवढं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या एकट्याच मिरजेला निघाल्या. संपतराव पिशवी घेऊन मागोमाग स्टँडवर आले, तर त्यांनी नुसतं वळून पाहिलं. ते तिथंच थांबले.

रक्ताची पत्रिका हे लोकांनी पाडलेलं नाव. तिचं खरं नाव फलनिदान चाचणी, आणि ती वाईट हेतूनं शोधलेली नव्हती, हे आधी सांगायला हवं. स्वादुपिंड हा जठराच्या मागे दडलेला, गपगुमान काम करणारा अवयव. त्यातली गाठ पूर्वी कळायची तीच उशिरा, हातातून वेळ गेल्यावर. पुढे तपासण्या सुधारल्या आणि गाठी लवकर सापडू लागल्या. मग नवा प्रश्न आला. शस्त्रक्रिया फार मोठी, पोटातली अर्धी जोडणी उसवून पुन्हा शिवावी लागते. ती करूनही काहींचा आजार वर्षाच्या आत परत येई आणि काही मात्र वर्षानुवर्षं ठणठणीत राहत. दोघांच्या गाठी फोटोत सारख्याच दिसत. फरक होता तो रक्तात. गाठ स्वतःच्या जनुकांचे तुकडे रक्तात सोडते, पेशींच्या इवल्या पिशव्या सोडते, साखरेचे कण चिकटलेली काही प्रथिनं सोडते. या खुणा कुणात किती आहेत ते मोजायचं, आधी शस्त्रक्रिया झालेल्या हजारो रुग्णांच्या खुणांशी ते ताडून पाहायचं, आणि शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षं आजार परत न येण्याची शक्यता शंभरात किती, ते सांगायचं. आकडा बहुतेक वेळा खरा ठरे. म्हणून तर त्याचा दरारा वाढला.

दरारा वाढला की सोयी येतात. सरकारी योजनेनं नियम केला की आकडा तीसच्या खाली असेल तर शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये. प्रत्येक शल्यविशारदाचे किती रुग्ण बरे झाले ते योजनेच्या फलकावर सगळ्यांना दिसू लागलं, त्यामुळे खालच्या आकड्याच्या रुग्णाला हात लावायला डॉक्टरही कचरू लागले. आणि चाचणी करणाऱ्या कंपनीच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. आपल्याकडे अहवाल आला की नातेवाईक डॉक्टरांना गाठतात आणि पेशंटला काही सांगू नका म्हणून हात जोडतात. कंपनीनं त्यांचे जोडलेले हात पाहिले आणि दोन प्रती काढल्या. एक नातेवाइकांसाठी, खरी. दुसरी रुग्णासाठी, सौम्य. घरच्यांनी फोनवर एका चौकोनात टिचकी मारली की यंत्र आपणहून सौम्य प्रत लिहायचं, शुद्ध, प्रेमळ मराठीत. कुणालाही खोटं बोलल्यासारखं वाटत नसे, कारण खोटं यंत्र बोलत असे.

मिरजेच्या रुग्णालयातले शल्यविशारद डॉक्टर मगदूम चाळिशीचे, हाताला यश असलेले पण झोप न झालेले गृहस्थ होते. मालनबाईंना पाहून त्यांनी आधी विचारलं की सोबत कोण आलंय.

"मी आलेय की माझ्यासोबत," मालनबाई म्हणाल्या. "खरी प्रत दाखवा."

मगदूमांनी थोडी टाळाटाळ केली. कुटुंबाची इच्छा, रुग्णालयाची पद्धत, वगैरे. मालनबाईंनी विचारलं की कुटुंबाचं स्वादुपिंड कापायचंय का. त्यावर त्यांनी निमूटपणे पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथं एकोणीस हा आकडा लाल रंगात होता. मालनबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या की नुसता निकाल बघून त्यांनी आयुष्यात काही मान्य केलेलं नाही, चढाई पहिल्यापासून दाखवा. कशावरून काढला हा आकडा, एकेक ओळ.

मगदूम एकेक ओळ वाचून समजावू लागले. वय. गाठीचा आकार. जनुकांचे तुकडे, मध्यम. पिशव्या, मध्यमच. साखर लागलेलं प्रथिन, प्रचंड. आणि त्याखालची ओळ वाचताना ते थांबले. तिथं लिहिलं होतं, रक्त घेताना कावीळ: नाही.

"काय झालं?" मालनबाईंनी विचारलं.

"रक्त नळी घालण्याआधी घेतलं होतं की नंतर?"

"आधी. डोळे पिवळेजर्द होते माझे. तुम्हीच बघितले होते की."

मगदूमांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते निदान सरळ सांगितलं. हे प्रथिन यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. गाठीनं पित्ताची वाट दाबली की ते बाहेर पडत नाही, रक्तात साचत जातं. मोरी तुंबली की अंगणात पाणी साचतं, म्हणून काही ढगफुटी झाली असं होत नाही. कावीळ असेल तर यंत्र त्या प्रथिनाला किंमत देत नाही, नळी घातल्यावर पुन्हा रक्त मागतं. पण यंत्राला कावीळ नाही असं सांगितलं गेलं, आणि मग त्याच्या हिशेबानं तेवढं प्रथिन म्हणजे शरीरभर पसरलेला आजार. रक्त ताजं असतं तर त्याच्या पिवळेपणावरून प्रयोगशाळेत कुणाला तरी कळलं असतं. कागदावर सुकवलेल्या थेंबात ते दिसत नाही.

कावीळ नाही असं यंत्राला कुणी सांगितलं, हे मालनबाईंना विचारावं लागलं नाही. रक्त घेतल्यावर चाचणीवाल्यांच्या यंत्राचा फोन संपतरावांना येतो आणि गोड आवाजात प्रश्न विचारतो, हे मगदूमांनी सांगितलं तेव्हाच त्यांच्या डोळ्यांपुढे परात आली. रुग्णाला सध्या कावीळ आहे का? संपतरावांनी तीन रविवार आपल्या डोळ्यांनी पाणी पिवळं होताना पाहिलं होतं. उरलाय तो नुसता रंग, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी छातीठोकपणे नाही म्हटलं असणार. खोटं बोलायचा त्यांचा विचारही नसणार.

"त्यांचं राहू द्या," मालनबाई म्हणाल्या. "ते लाइनमन आहेत. तुम्ही डॉक्टर आहात. पिवळ्या बाईच्या कागदावर कावीळ नाही लिहिलेलं तुम्हाला दिसलं नाही?"

"मी फक्त आकडा बघितला," मगदूम म्हणाले. "आम्ही सगळे फक्त आकडाच बघतो."

ते खरं बोलले म्हणून मालनबाईंनी त्यांना टेबलावरचा पेपरवेट फेकून मारला नाही. मगदूमांनी ते प्रथिन वगळून हिशेब पुन्हा करायला लावला. पडद्यावर सेहेचाळीस आला. हा दोन महिन्यांपूर्वीचा आकडा, तेही त्यांनी सांगितलं, आजचा काय असेल ते पुन्हा रक्त आणि फोटो घेतल्यावर कळेल. आणि तो तीसच्या खाली आला तर पुन्हा नियम आडवा येईल. मग जरा चाचरत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या नियमाला एक पोटनियम आहे. आकडा कितीही असो, रुग्णानं स्वतः मागणी केली तर रुग्णालयाला नाही म्हणता येत नाही, मग निकाल काय लागायचा तो लागो. फक्त मागणी रुग्णाची हवी, नातेवाइकांची चालत नाही.

"आजवर किती जणांनी केली?"

"इथं? कुणीच नाही."

कुणी करणार तरी कसं? मागणी करायला आजार माहीत हवा, आणि प्रत्येकाच्या हातात सौम्य प्रत. हक्क दिला होता, तो बजावायचं कारण तेवढं काढून घेतलं होतं. ज्यानं हे असं जुळवून आणलं तो एकटा माणूस समोर असता तर मालनबाईंनी त्याची कॉलर धरली असती. पण असा एक माणूस कुठेच नव्हता. नियम करणारा वेगळा, यंत्र बनवणारा वेगळा, टिचकी मारणारा वेगळा, आणि सगळे भल्यासाठीच करत होते.

रक्त देऊन त्या बाहेर व्हरांड्यात आल्या. बाकांवर माणसं बसली होती, दोन दोन, तीन तीन. मालनबाईंनी या बाकांवर आधीही वेळ काढला होता, पण आज त्यांना ती माणसं वेगळी दिसली. प्रत्येक गटात एक जण पिवळट, थकलेला, बाकीचे त्याला पाणी देतायत, शाल नीट करतायत, आणि तोंडावर ते तसलं गोड हसू. संपतरावांचं हसू. मालनबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. मैदानावरचा आवाज त्यांनी निवृत्तीनंतर वापरला नव्हता. तो आता वापरला.

"इथं किती जणांना पित्ताचा खडा आहे म्हणून सांगितलंय? हात वर करा."

शाळेत शिकलेल्या माणसाचा हात असल्या आवाजाला आपोआप वर जातो. एक गेला, दुसरा गेला. टोपीवाले एक आजोबा तर हसत हसत दोन्ही हात वर करून बसले. बघता बघता अर्धा व्हरांडा हात वर करून बसला होता, आणि ते एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले. एवढ्या सगळ्यांना खडाच कसा, हा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारला नाही. नातेवाइकांचे चेहरे मात्र पडले.

टोपीवाल्या आजोबांची मुलगी धावत मालनबाईंकडे आली आणि तिनं त्यांच्यापुढे हात जोडले. हळू आवाजात विनवू लागली की त्यांना सोसवणार नाही, मावशी, पाया पडते, गप्प बसा. तिचे डोळे खोल गेले होते. कितीतरी दिवस ती झोपली नसावी. मालनबाईंना तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. आजोबांना सांगून टाकावं, हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण तो आजार मालनबाईंचा नव्हता. बापाच्या वतीनं मुलीनं ठरवलं ते चूक, तर मालनबाईंनी ठरवलेलं बरोबर कसं होणार? त्यांनी तो शब्द गिळला, आणि त्यांच्यासारख्या बाईला तो कडू औषधासारखा गेला.

"मी काही सांगणार नाही," त्या मुलीला म्हणाल्या, आणि मग व्हरांड्याकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आत गेलात की डॉक्टरांना एवढंच विचारा, माझ्या अहवालाच्या प्रती किती आहेत. विचारायचं नसेल तर विचारू नका. पण तुमचं तुम्ही ठरवा."

सुरक्षारक्षक येईपर्यंत त्या जिना उतरल्या होत्या. आजोबांचे हात अजून वर होते, फक्त हसू गेलं होतं.

घरी सूरज पुण्याहून येऊन बसलेला होता, बापानं फोन करून बोलावलेला. मालनबाईंनी रुग्णालयात काय कळलं ते सांगितलं. ऐकता ऐकता सूरजच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. त्याला हायसं वाटलं, आणि ते त्याला लपवता आलं नाही.

"म्हणजे आकडाच चुकीचा होता, आई," तो म्हणाला. "आम्हाला कुठं माहीत होतं? आम्ही त्या आकड्यावर विश्वास ठेवला. बरोबर असता तर..."

"बरोबर असता तर काय?"

सूरजनं बापाकडे पाहिलं.

"एकोणीस खरा असता तर मला डाळिंबं चारत बसला असता, होय की नाही? मला कधी सांगणार होता? तिरडी बांधल्यावर? आकडा चुकला म्हणून तुम्ही चुकलात, असं आहे का रे? एकोणीस असता तरी मी गेले असते. नऊ असता तरी गेले असते. कदाचित नसते गेले, घरी बसून मॅचेस बघितल्या असत्या. पण गेले असते का नाही, ते मला ठरवायचं होतं."

केतकी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून रडत होती. मालनबाईंनी तिला काही म्हटलं नाही. टिचकी तिनं मारली नव्हती, हे त्यांना दिसत होतं. सूरजनंही मारली नव्हती. संपतराव जमिनीकडे बघत बसले होते.

"तुला टेबलावर मरताना बघायचं नव्हतं मला," ते शेवटी म्हणाले. "चांगली हसत-बोलत असताना आत न्यायची आणि बाहेर कापडात गुंडाळून आणायची. मला नसतं सोसलं ते, मालन."

"तुम्हाला नसतं सोसलं."

"व्हय."

"मग असं म्हणा की. तुला त्रास नको म्हणून केलं, असं म्हणू नका. तुम्हाला त्रास नको म्हणून केलंत."

संपतरावांनी खाली बघतच मान डोलावली. संसाराच्या बत्तीस वर्षांत त्यांनी प्रथमच खरोखर हार मानली होती, आणि मालनबाईंना त्याचा जराही आनंद झाला नाही. त्या रात्री त्यांनी आपलं अंथरूण पुढच्या खोलीत घातलं.

नवा आकडा आला तो अठ्ठावीस. या वेळी तो मालनबाईंच्या फोनवर आला, लाल रंगात. मगदूमांनी फोटो दाखवला. पूर्वी गाठ शेजारच्या मोठ्या शिरेपासून सुटी होती, आता ती शिरेला टेकली होती. आधी औषधाचे डोस द्यावे लागतील, गाठ आवळली तर मग शस्त्रक्रिया, तीही शिरेचा तुकडा काढून. सेहेचाळीसचे अठ्ठावीस गोड बोलण्यात झाले होते. हे मालनबाईंनी घरच्यांना एकदाच सांगितलं, आवाज न चढवता, आणि पुन्हा कधी काढलं नाही. आकडा तीसच्या खाली होता. मालनबाईंनी पोटनियमाप्रमाणे मागणी केली. मगदूम ती वाचून म्हणाले की फलकावर आपलं नाव खाली जाईल बहुतेक. मालनबाईंनी विचारलं की मग काय करायचं म्हणता. मगदूम म्हणाले, काही नाही, नुसतं बोललो, करू या.

मग डोसांचे महिने आले आणि ते वाईट होते. केस गेले, चव गेली, पायाची बोटं बधिर झाली. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. या सगळ्यात राग तेवढा शाबूत राहिला आणि खरं सांगायचं तर त्या रागाच्या आधारानंच मालनबाई सकाळी उठत होत्या. संपतराव प्रत्येक डोसाला सोबत यायचे. मालनबाई त्यांच्याशी कामापुरतं बोलायच्या. एकदा परतीच्या वाटेवर उलट्यांनी हैराण होऊन त्या त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या, पण घर आल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. राग आणि खांदा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दरम्यान मगदूमांकडून एवढं कळलं की त्या व्हरांड्यातल्या चौघांनी आपल्या प्रती मागून घेतल्या, आणि त्यातल्या एका बाईनं सगळं वाचून शस्त्रक्रिया नको म्हटलं व नातीच्या लग्नाला निघून गेली. मालनबाईंना ते पटलं. टोपीवाल्या आजोबांनी काही विचारलं नव्हतं. हेही त्यांना पटवून घ्यावं लागलं.

गाठ आवळली. फार नाही, पण कापता येईल इतकी.

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांना आत न्यायच्या आधीच्या खोलीत आणून ठेवलं. हिरवा झगा, डोक्याला टोपी, हाताला सुई. सूरज आणि केतकी भेटून बाहेर गेले. संपतराव राहिले. विजेच्या खांबाला धरावं तसे ते खाटेच्या कठड्याला धरून उभे होते. मालनबाईंना आता भीती वाटत होती, रागाच्या बरोबरीनं, आणि ती लपवावी असंही त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं की भीती वाटतेय. संपतराव म्हणाले, मलाबी. मग त्यांनी विचारलं,

"मालन, माफ केलंस का मला?"

"नाही."

"अगं, आता आत निघालीस. आता तरी कर की. एवढा काय खून केलाय मी?"

वॉर्डबॉय येऊन खाटेचा ब्रेक काढत होता. संपतराव भांडायला लागले होते, हे मालनबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी उशीवरून मान वळवून नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"इतकं सोपं वाटलं काय? तुम्हाला माफ करायला मला चार-पाच वर्षं लागतील," त्या म्हणाल्या. "तेवढी मिळावीत म्हणून तर आत चाललेय."